परसांतली कोंबडी आणि उन्हाळा



इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तह यांचें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. शाळेंतल्या क्रमिक पुस्तकांचा रोखहि तिकडेच असतो. परंतु ज्या मुक्या जीवांनीं मनुष्याची हजारों वर्षें सोबत केली त्यांनाहि इतिहास आहे; तो आपल्या परसदारीं घडलेला असल्यामुळें त्याच्याकडे कुणाचें फारसें लक्ष जात नाहीं, इतकेंच. आज मी अशाच एका जीवाच्या इतिहासांतलें एक प्रकरण आपल्यापुढें मांडणार आहें. तो जीव म्हणजे कोंबडी, आणि प्रकरण म्हणजे तिचा उन्हाळा.

विषय ऐकून कांहीं मंडळींना हंसूं येईल. पण ज्यांच्या बंगल्याच्या आवारांत किंवा वाड्याच्या मागल्या अंगणांत चार कोंबड्या आहेत, त्यांना वैशाखांतली दुपार ठाऊक आहे. कोंबडी चोंच उघडी ठेवून धापा टाकीत असते. पंख अंगापासून दूर धरलेले असतात, डोळे अर्धवट मिटलेले असतात. पुढें दाणे टाकले तरी ती ढुंकून पाहत नाहीं. अंड्याचें कवच इतकें पातळ निघतें कीं हातांत घेतांच तडकावें. आणि एखाद्या दिवशीं संध्याकाळीं खुराडें उघडावें, तों एक-दोन पक्षी आडवे पडलेले दिसतात. घरचीं माणसें म्हणतात, कांहींतरी सांथ आली. पुष्कळदां ती सांथ नसते. तें ऊन असतें.

येथें विचारी मनाला एक कोडें पडतें. कोंबडी हा मूळचा उष्ण देशांतला पक्षी. युरोपांतली थंडी त्याला बाधली असती तर नवल नव्हतें. पण उष्ण देशांत जन्मलेल्या पक्ष्यानें उष्ण देशांतच उन्हानें कां मरावें? या कोड्याचें अर्धें उत्तर पशुवैद्यकाच्या पुस्तकांत सांपडतें. उरलेलें अर्धें इतिहासांत आहे.

प्रथम आपण तिचें कुळ पाहूं. पाळीव कोंबडीचा मूळ पुरुष तांबडा रानकोंबडा होय, हें मत चार्लस डार्विन यानें १८६८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत मांडलें. पुढें आनुवंशिक द्रव्याची परीक्षा करण्याची विद्या निघाली, आणि तिनें या मताला बळकटी आणली. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनाप्रमाणें नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या टापूंत राहणाऱ्या तांबड्या रानकोंबड्याच्या एका उपजातीपासून आपल्या पाळीव कोंबड्या निघाल्या. २०२२ सालीं पुराणवस्तुसंशोधकांनीं जगांतल्या शेंकडों ठिकाणच्या कोंबड्यांच्या हाडांचा नव्यानें हिशेब घेतला. त्यांच्या मतें पाळीव कोंबडीचीं सर्वांत जुनीं भरंवशाचीं हाडें मध्य थायलंडांतल्या बान नॉन वाट या ठिकाणचीं असून त्यांचा काळ इ. स. पूर्व १६५० ते १२५० यांच्या दरम्यानचा आहे. माणसानें रान तोडून भात आणि भरड धान्य पेरलें. सांडलेल्या दाण्यांवर रानकोंबडे येऊं लागले. येतां येतां ते गांवांतच राहिले, असा या विद्वानांचा तर्क आहे. आपल्या सह्याद्रीच्या झाडींतला करडा रानकोंबडा ही निराळी जात आहे. तरी तिचाहि या कुळाशीं संबंध आहे, कारण पाळीव कोंबड्यांच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग या करड्या रानकोंबड्याच्या रक्तांतून आला, असें २००८ सालच्या संशोधनांत दिसून आलें.

आतां हा तांबडा रानकोंबडा राहतो कोठें? बांबूच्या बेटांत, झुडपांच्या गर्दींत, रानाच्या कडेला. सकाळीं व संध्याकाळीं तो उघड्यावर येऊन चरतो; उन्हें चढलीं कीं दाट सावलींत शिरतो, आणि पाचोळा उकरून मातींत अंग टाकतो. म्हणजे हा पक्षी उष्ण देशांतला खरा, पण उन्हांतला नव्हे. तो सावलींतला आहे. हा भेद ध्यानांत ठेवला तर पुढचा सगळा इतिहास उलगडत जातो.

त्याच्या शरीराची घडणहि सावलीला अनुसरूनच झालेली आहे. कोंबडीला घाम येत नाहीं. तिच्या कातडींत आपल्यासारख्या घर्मग्रंथीच नाहींत. तिच्या अंगाची उष्णता मुळांतच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. माणसाला इतका ताप चढला तर घरांत धांवपळ उडेल. ही उष्णता ४७ अंशांच्या आसपास गेली कीं कोंबडी दगावते. मधलें अंतर अवघें पांच-सहा अंशांचें, आणि तेवढें राखण्यासाठीं निसर्गानें तिला चार उपाय दिले आहेत. पहिला उपाय म्हणजे डोक्यावरचा तुरा आणि चोंचीखालीं लोंबणाऱ्या लाल पाळ्या. यांवर पिसें नसतात व आंत रक्त भरपूर खेळतें. त्यामुळें रक्तांतली उष्णता तेथून हवेंत जाते. दुसरा उपाय पंख पसरण्याचा. त्यानें पंखाखालच्या विरळ पिसांच्या जागेला वारा लागतो. तिसरा, गार मातीला पोट लावून बसण्याचा. आणि चौथा, धापा टाकण्याचा. तोंडांतला व घशांतला ओलावा वाफ होऊन जातांना आपल्याबरोबर उष्णता घेऊन जातो. माठांतलें पाणी ज्या नियमानें गार होतें, त्याच नियमानें कोंबडी धापा टाकून आपलें रक्त गार ठेवते.

पहिले तीन उपाय फुकटचे आहेत. चौथा मात्र महाग पडतो. धापा टाकतांना नुसतें पाणीच बाहेर जात नाहीं, तर रक्तांतला कार्बन डायऑक्साइड वायुहि फाजील प्रमाणांत निघून जातो. अंड्याचें कवच कॅल्शियम कार्बोनेटचें, म्हणजे खडूच्या जातीचें असतें. रक्तांतला हा वायु घटला कीं कवचाचा एक घटकच अपुरा पडतो. उन्हाळ्यांत कवच पातळ कां होतें, याचें हें एक मोठें कारण. १९८५ सालीं अमेरिकेंत ओडम व त्याचे सहकारी यांनीं उष्ण हवेंत ठेवलेल्या लेगहॉर्न कोंबड्यांना हा वायु मिसळलेलें पाणी, म्हणजे आपलें सोडावॉटरच, पाजून पाहिलें. आणि त्यांच्या अंड्यांचीं कवचें सुधारलेलीं आढळलीं. सोडावॉटरच्या बाटल्या कोंबडीपुढें फोडाव्या असें माझें सांगणें नाहीं. परंतु धाप लागण्याची पाळीच येऊं न देणें हें किती अगत्याचें आहे, तें या प्रयोगावरून उमगतें.

आपला पक्षी आतां रानांतून निघाला आणि देशोदेशीं गेला. इ. स. पूर्व ८०० च्या सुमारास तो भूमध्य समुद्राच्या कांठीं पोंचला. रोमन लोक शेतीवर ग्रंथ लिहिणारे. इ. स. च्या पहिल्या शतकांत कोलुमेल्ला नांवाच्या ग्रंथकारानें आपल्या शेतीविषयक ग्रंथाच्या आठव्या भागांत कोंबड्यांचा तपशीलवार विचार केला आहे. पाण्याच्या भांड्यांना झांकण असावें व बाजूंना डोकें शिरेल एवढींच भोंकें असावींत, म्हणजे पक्षी पाणी घाण करणार नाहींत. छपराखालीं कोरडी धूळ आणि राख ठेवावी, म्हणजे त्यांना तींत लोळतां येईल, असें तो सांगतो. हा सल्ला आजहि जसाच्या तसा उचलावा इतका चांगला आहे. परंतु खुराड्याविषयीं बोलतांना तो म्हणतो कीं, त्याचें तोंड हिवाळ्यांतल्या सूर्योदयाकडे असावें, आणि तें स्वयंपाकघराला किंवा भट्टीला लागून असावें, म्हणजे तिथला धूर पक्ष्यांपर्यंत पोंचेल. हा सल्ला थंडीला भिणाऱ्या देशांतला आहे. युरोपांतलें कोंबडीपालन असें आरंभापासून ऊब राखण्याचें शास्त्र झालें, ही गोष्ट पुढल्या कथेसाठीं लक्षांत ठेवावी.

आपल्या खेड्यांत कोंबडी ग्रंथाधारें पाळली जात नव्हती. दिवसभर ती मोकळी असे. गोठ्यांत, बैलगाडीखालीं, कुंपणाच्या झुडपांत, आंब्याच्या बुंध्याशीं, जेथें तिला गार वाटे तेथें ती जाऊन बसे. मालक तिला रात्रीं डालग्याखालीं किंवा खुराड्यांत कोंडी, तें मांजर-मुंगुसाच्या भयानें. ती अंगानें लहान, पिसांनीं हलकी, आणि अंडीं घालण्यांत बेताची. पण सावली शोधण्याचें स्वातंत्र्य तिच्यापाशीं होतें. रानांतली जुनी विद्या वापरण्यास तिला कुणाची आडकाठी नव्हती. खेडुतानें तिच्यासाठीं फारसें कांहीं केलें नाहीं हें खरें. परंतु तिचें हिरावूनहि कांहीं घेतलें नाहीं.

हें चित्र एकोणिसाव्या शतकांत पालटलें. १८४० नंतर चीनच्या बंदरांतून मोठ्या अंगाच्या आणि पायांवरहि पिसें असलेल्या कोंबड्या इंग्लंडांत गेल्या. राणी व्हिक्टोरियाच्या पक्षिगृहांत त्यांना मानाची जागा मिळाली, आणि पाहतां पाहतां लोकांना कोंबड्यांचें वेड लागलें. १८४९ सालीं अमेरिकेंतल्या बोस्टन शहरांत कोंबड्यांचें मोठें प्रदर्शन भरलें. जॉर्ज बर्नहॅम या गृहस्थानें १८५५ सालीं या वेडावर एक अख्खें पुस्तक लिहिलें, आणि त्याला चक्क कोंबडीज्वराचा इतिहास असें नांव दिलें. या काळांत गाजलेल्या एका जातीला ब्रह्मा म्हणतात; हें नांव आपल्या ब्रह्मपुत्रेवरून पडलें, पण ही जात घडली अमेरिकेंत. त्या थंड मुलखांत जड शरीर आणि दाट पिसारा यांनाच बक्षिसें मिळत, आणि निपजहि त्याच धोरणानें होई. पुढें १९०८ पासून कॅनडांतल्या ओका येथील मठांत ब्रदर विल्फ्रिड यानें शांतक्लेर नांवाची जात तयार करण्यास आरंभ केला. तेथल्या कडाक्याच्या थंडींत कोंबडीचा तुरा गोठून खराब होतो, म्हणून त्यानें तुरा अगदीं लहान असलेला पक्षी निपजविला. त्या देशापुरतें हें शहाणपणाचेंच काम होतें. पण तुरा ही उष्णता बाहेर टाकण्याची खिडकी आहे, आणि येथें ती बुजविण्यांत आली.

इंग्रजी अमदानींत विलायती कोंबड्या हिंदुस्थानांत आल्या. ज्या पक्ष्याचे पूर्वज आशियाच्या रानांतून गेले होते, त्याचे वंशज असे परदेशी पाहुणे होऊन परतले. त्यांच्याबरोबर कोंबड्या आवारांत बंद ठेवण्याची रीत आली, आणि छपरासाठीं पन्हळी पत्रा आला. हा पत्रा लंडनच्या हेन्री पामर यानें शोधला. त्याचें पेटंट १८२९ सालचें. बंदर, आगगाडी आणि गिरणी यांच्या कामीं तो फार उपयोगी पडला. परंतु वैशाखांत ठेंगण्या खुराड्यावर हाच पत्रा घातला म्हणजे त्याची भट्टी होते. दाट पिसारा, बंद आवार आणि डोक्यावर तापलेलें लोखंड अशीं तीन संकटें एकाच पक्ष्यावर एकाच वेळीं आलीं.

आरंभीं घातलेल्या कोड्याचें उत्तर येथें मिळतें. कोंबडी उष्ण देशामुळें मरत नाहीं. तिला सावलीपासून तोडल्यामुळें ती मरते. तिच्या अंगीं उष्णतेशीं झगडण्याची जी साधनें होतीं, त्यांतलीं कांहीं आपण निपज करतांना काढून घेतलीं आणि उरलेलीं कुंपण घालून निरुपयोगी केलीं.

विसाव्या शतकांतल्या संशोधनाची दिशा यामुळें निराळी झाली. मोठ्या तुऱ्याची, हलक्या अंगाची पांढरी लेगहॉर्न जात, जिचें नांव इटलींतल्या लिव्होर्नो बंदरावरून पडलें आहे, उष्ण देशांत जड जातींपेक्षां चांगली टिकते असें ठिकठिकाणीं अनुभवास आलें. १९४५ सालीं ऑस्ट्रेलियांतल्या क्वीन्सलंडचे शरीरशास्त्रज्ञ ली व त्यांचे सहकारी यांनीं उष्ण हवामानांतल्या कोंबडीपालनावर आपले प्रयोग प्रसिद्ध केले. आपल्याकडे १८८९ सालीं पुण्यांत जनावरांच्या रोगांच्या संशोधनासाठीं एक प्रयोगशाळा निघाली होती. ती पुढें हिमालयांत मुक्तेश्वर येथें हलली, आणि तिच्यांतूनच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था वाढली. या संस्थेनें १९३९ सालीं बरेलीजवळ इज्जतनगर येथें कोंबड्यांच्या संशोधनाचा विभाग उघडला, आणि त्याच ठिकाणीं १९७९ सालीं केंद्रीय पक्षी संशोधन संस्था स्वतंत्रपणें स्थापन झाली.

या संस्थेनें परसांत पाळण्याजोग्या ज्या जाती तयार केल्या त्यांत दोन आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाच्या आहेत. एकीचें नांव हितकारी. तिच्या मानेवर पिसें नसतात, त्यामुळें प्रथमदर्शनीं ती कुरूप वाटते. पण उघड्या मानेवाटे तिच्या अंगांतली उष्णता सहज निघून जाते. दुसरी उपकारी, तिचीं पिसें बाहेरच्या बाजूला वळलेलीं असतात, आणि त्यामुळें अंगाला हवा लागते. दोन्ही गुण आपल्या गांवठी कोंबड्यांत पूर्वींपासून अधूनमधून दिसत आले आहेत. प्रदर्शनांत जो पक्षी कुणी दुसऱ्यांदां पाहिला नसता, त्याच्याच रूपांत उन्हाळ्याचें औषध होतें.

थंडाव्याचें दुसरें साधन पाणी. अकबर बादशहाच्या राहणींत वाळ्याच्या मुळांच्या खोल्या असत व त्यांवर पाणी शिंपीत, हें ऐने अकबरींत नमूद आहे. आपल्या दारां-खिडक्यांना लावण्याचे वाळ्याचे ताटे हें त्याच युक्तीचें घरगुती रूप. आणि हल्लींच्या मोठ्या कोंबडीघरांत एका टोंकाला ओल्या जाळ्या व दुसऱ्या टोंकाला पंखे बसवितात, तीहि तीच युक्ती. मात्र या उपायाला एक मर्यादा आहे. पाण्याची वाफ कोरड्या हवेंत झपाट्यानें होते, दमट हवेंत होत नाहीं. नागपूर-अकोल्याकडे ओलें गोणपाट खुराड्याभोंवतीं लावलें तर आंत चांगला गारवा येतो. रत्नागिरींत किंवा मुंबईंत तेंच गोणपाट लावाल तर वारा अडेल, कोंदटपणा वाढेल आणि कोंबडीला धापा टाकूनहि आराम पडणार नाहीं. कारण तिची धाप हीहि वाफेचीच युक्ती आहे. म्हणून कोंकणांत पाण्यापेक्षां वाऱ्याची वाट मोकळी ठेवणें अधिक हिताचें.

हा प्रश्न केवळ उष्ण देशांचा राहिलेला नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. २०२१ च्या जूनअखेर कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत अपूर्व उष्णतेची लाट आली. २९ जून रोजीं लिटन या गांवीं पारा ४९.६ अंशांवर गेला. त्या लाटेंत प्रांतांतलीं साडेसहा लाखांच्या आसपास पाळीव जनावरें व पक्षी मेले, आणि त्यांत बहुतेक कोंबड्याच होत्या. ज्या देशांत थंडीसाठीं कोंबडीचा तुरा लहान केला, त्याच देशांत शंभर-सवाशे वर्षांनीं तिला उन्हानें गांठलें. मोठ्या कोंबडीघरांत हजारों पक्षी पंख्यांच्या भरंवशावर जगतात. वीज गेली कीं थोड्या वेळांत त्यांच्या जिवावर बेततें. झाडाखालच्या कोंबडीला विजेची गरज पडत नाहीं.

मग सुज्ञ गृहस्थानें व गृहिणीनें काय करावें? या इतिहासांतून निघणारे नियम थोडे आणि सोपे आहेत. खुराड्याच्या लांब बाजू उत्तरेला व दक्षिणेला येतील असें तें बांधावें, म्हणजे सकाळ-संध्याकाळचें तिरपें ऊन आंत कमी शिरतें. छपरावर गवताचा किंवा नारळीच्या झांपांचा थर द्यावा. पत्राच असेल तर त्याला पांढऱ्या चुन्याचा हात द्यावा. छप्पर उंच असावें, आणि भिंतींऐवजीं जाळी असावी. पाणी मातीच्या भांड्यांत, सावलींत ठेवावें व दुपारीं पुन्हा बदलावें. एरवीं पाव लिटरच्या आंतबाहेर पाणी पिणारी अंड्यावरची कोंबडी उन्हाळ्यांत त्याच्या दुप्पटहि पिते, हें ध्यानांत घेऊन भांडीं वाढवावीं. दाणे पहांटे आणि उन्हें उतरल्यावर घालावे. कारण अन्न पचतांना अंगांत उष्णता उत्पन्न होते, व ती भर दुपारीं नको असते. झाडाखालीं एक उथळ खड्डा करून त्यांत माती व थोडी राख घालावी, आणि बाजूची जमीन ओली ठेवावी. दुपारच्या वेळीं कोंबड्यांचा पाठलाग करूं नये, त्यांना पकडूं नये. एखादी धापा टाकून पडलीच, तर तिला सावलींत वाऱ्याला घ्यावें, आणि तिचे पाय व पोटाकडला भाग साध्या पाण्यांत बुडवावा. पाणी बर्फाचें नसावें, आणि डोकें पाण्याखालीं जाऊं देऊं नये.

परसांत एखादें आंब्याचें, शेवग्याचें किंवा कडुनिंबाचें झाड असेल तर या नियमांपैकीं निम्मे आपोआप पाळले जातात. नसेल, तर येत्या पावसाळ्यांत तें लावावें. झाड मोठें होईपर्यंत दोन-तीन उन्हाळे मध्यें जातील. तेवढ्या अवधींत खुराड्याच्या बाजूला कारल्या-दोडक्याचा मांडव घालावा. त्याची सावली पहिल्याच वर्षीं पडते, आणि कोंबड्यांना ती पुरते.